सून पळाली

त्या वर्षी आमच्या घरात माणसांपेक्षा कापूस ऐसपैस राहत होता. समोरच्या खोलीत तो पार आढ्याला टेकला होता, मधल्या खोलीत कंबरेपर्यंत आला होता आणि आम्ही चार माणसं स्वयंपाकघरात दाटीवाटीनं झोपत होतो. अंगाला सारखी खाज सुटायची. भाकरी मोडली की तिच्यावर कापसाचा एखादा तंतू हमखास असायचा. विकायचा म्हटलं तर भाव पडलेला, आणि पडलेल्या भावानं द्यायचा म्हटलं तरी तालुक्याच्या खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग अशी, की घरून गाडी घेऊन गेलेला माणूस परत कधी येईल याचा नेम नसे. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज पेपरात यायचं आणि ते काही चांगल्या कारणासाठी नसायचं. त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी सांगते आहे ती माझ्या पळण्याची हकिकत आहे.

माझं माहेर वणीचं. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. शाळेत असताना मी पळायच्या शर्यतीत असायचे आणि सराव करायचे कोळशाच्या ट्रकच्या रस्त्यावर, कारण दुसरं मैदानच नव्हतं. सराव करून घरी आले की आई म्हणायची, "आली का तोंड काळं करून?" आणि ते अक्षरशः खरं असायचं. पुढे बारावी झाले, लग्न झालं आणि दारव्ह्याकडच्या एका लहान गावात सासरी आले. घरात सासू-सासरे आणि हे. सासूला आमच्याकडे मामी म्हणतात आणि सासऱ्याला मामाजी. मामाजी फार कमी बोलायचे. त्यांचं दिवसभराचं बोलणं मामी एका दमात बोलून टाकायच्या, आणि वर विचारायच्या, "तुम्ही काहीच काहून नाही बोलत?"

दिवाळीनंतर एक दिवस हे चहाच्या हॉटेलातून पेपरचं पान घेऊन आले. वनरक्षकांची भरती निघाली होती. बायकांनाही अर्ज करता येणार होता आणि बारावी शिक्षण चालणार होतं.

"पन पळा लागते," यांनी सांगितलं. "बायाह्यले पन पळा लागते."

मामी कापसातला किडका, पिवळा पडलेला कापूस वेगळा काढत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग पळन ते. तिले पाय नाही का?"

"पळन कुठं? गावात?"

"तलावाकडे पळन. तिकडे कोन हाये पाहाले?"

मी अजून हो किंवा नाही, काहीच म्हटलं नव्हतं. मामाजी बैलाची दोरी वळत होते. ते म्हणाले, "तिले तं इचारा." त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलंच बोलणं असावं.

"पळतो मी," मी म्हटलं. खरं सांगायचं तर नोकरीपेक्षाही रोज सकाळी त्या कापसातून बाहेर पडायला मिळेल, याचाच मला आनंद झाला होता.

गावाच्या वरच्या अंगाला तलाव होता. बुद्धविहाराच्या मागून पायवाट धरली की ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढायची. पाळ संपली की सागाचं जंगल लागायचं. तिथून वनखात्यानं आपल्या जीपसाठी एक कच्चा रस्ता काढला होता. तो तलावाला मागून वळसा घालून पलीकडच्या सांडव्यापाशी यायचा आणि सांडवा ओलांडला की आपण पुन्हा पाळीवर. गावातले लोक त्याला गोल रस्ता म्हणायचे आणि तो वापरत कोणीच नव्हतं. जिथून निघालो तिथंच परत आणणाऱ्या रस्त्याचं शेतकऱ्याला काय काम?

दारव्ह्याच्या बाजारातून यांनी माझ्यासाठी पांढरे कॅनव्हासचे जोडे आणले. लहान पोरांना घेतात तसे एक नंबर मोठे आणले होते. मी म्हटलं, माझा पाय काही आता वाढणार नाही. हे म्हणाले, दुकानात याच्यापेक्षा लहान होते ते शाळेच्या पोरींचे होते, आणि त्यावर गुलाबी फूल होतं. मग आम्ही जोड्यांच्या पुढच्या टोकात कापूस भरला. घरात त्याची कमतरता नव्हती. अंगात यांची कॉलेजातली जुनी निळी ट्रॅक पँट आणि बाह्या दुमडलेला यांचाच शर्ट. डोक्याला रुमाल. त्या वेशात मी पहिल्या दिवशी मामींसमोर उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं हाये. कोनी वळखन नाही."

नव्या सुनेनं एकटीनं जंगलात जाऊ नये, म्हणून मामी सोबत आल्या. पाळीवर त्यांनी लुगड्याचा ओचा खोचला, काठी काखेत धरली आणि माझ्याबरोबर खरोखर पळायला लागल्या. पाच-दहा पावलांत त्या थांबल्या, काठीवर रेलल्या आणि म्हणाल्या, "तू जाय. मी इथंच बसतो." मग पाळीवरच्या एका सपाट दगडावर त्या बसल्या आणि तो दगड पुढे त्यांचाच झाला.

पण बसल्या जागेवरून लक्ष कसं ठेवायचं? त्यावर त्यांनीच उपाय काढला. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. मी झाडीत दिसेनाशी झाले, की थोड्या थोड्या वेळानं त्या हाक मारायच्या, "हाये काऽ?" आणि मी पलीकडून ओरडायचं, "हाये, मामीऽ." माझी ओ उशिरा आली तर त्या लगेच दुसरी हाक द्यायच्या, मग तिसरी, आणि तोवर पाणकोंबड्या उडून गेलेल्या असायच्या. पळताना ओरडून बघा म्हणजे कळेल, दम कसा जातो ते. अर्धा रस्ता मी हाकांना घाबरूनच जोरात पळायचे, म्हणजे लवकर पाळीवर पोचेन आणि ओरडायला लागणार नाही.

जंगलात भीती अशी मला वाटली नाही. सकाळच्या थंडीत सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडायची. कधी रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप रस्त्यावर आडवा उभा असायचा. मी थांबायचे. ते माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. रोही पाहुण्यासारखं तोंड करून बघतं, जसं काही आपणच त्याच्या घरी आलो आहोत आणि आता चहा ठेवावा लागणार. मग पलीकडून मामींची हाक यायची आणि रोही उधळायचे. माझी वाट मोकळी व्हायची.

एक दिवस मात्र वाट अडवली ती त्या भागाच्या जंगल गार्डानं. खाकी कपडे, हातात सायकल. मी वळणावरून पळत आले आणि जवळजवळ त्याच्या अंगावरच गेले.

"थांब," तो म्हणाला. "काय नेऊन राह्यली?"

मी दोन्ही हात रिकामे करून दाखवले. "काहीच नाही."

"मंग पळून काहून राह्यली?"

"उगाच."

"उगाच कोनी पळत नाही," तो म्हणाला. "मी दिसलो की लोक पळते, आन त्याह्यच्याजवळ काही ना काही असते. लाकूड कुठं टाकलं?"

तेवढ्यात तलावापलीकडून आवाज आला, "हाये काऽ?"

गार्डानं दचकून तिकडे पाहिलं. "ते कोन?"

"माही सासू."

"म्हनजे टोळी हाये तुमची."

मला धाप लागली होती, त्यात हसू आलं. मामींना मी ओ दिली नाही म्हणून त्या हाकांवर हाका देत होत्या. मी कशीबशी त्याला भरतीचं सांगितलं. त्याचा चेहरा एकदम बदलला. त्यानं सायकल झाडाला लावली आणि मला बसायला एक ओंडका दाखवला. मग त्यानं बराच वेळ त्या नोकरीतली दुःखं सांगितली: वणवा लागला की सण नाही, वार नाही, आणि रानडुक्कर मागे लागलं तर सरकार वाचवायला येत नाही. शेवटी म्हणाला, "पन पगार येते. अर्ज सोडू नको." मी पाळीवर पोचले तेव्हा मामी दगडावरून उठून निम्म्या पाळीपर्यंत आल्या होत्या आणि काठी दोन्ही हातांत धरली होती. कोणावर उगारायची ते मात्र त्यांना ठरवता येत नव्हतं.

खरी अडचण जंगलात नव्हती, पाळीवर होती. पाळीच्या खालच्या अंगाला पहाटे गावातले पुरुष डबा घेऊन बसायचे. मी वरून पळत गेले की बिचाऱ्यांना उठून उभं राहावं लागायचं. मी जायचे तेव्हा एकदा आणि परत यायचे तेव्हा एकदा. काही दिवसांनी दोघं-तिघं मामाजींकडे तक्रार घेऊन आले. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही नाल्याकडे जा." प्रश्न तिथंच मिटला. पण मला त्या जागेवरून जाताना लाजल्यासारखं व्हायचं. मग मामी आधी पुढे जाऊन खालची बाजू नीट बघून यायच्या आणि मला मोठ्यानं सांगायच्या, "पळ, पोरी, पळ. कोनी नाही पाहून राह्यलं."

हेच शब्द एका सकाळी धुक्यातून दूधवाल्यानं ऐकले.

हा दूधवाला शेजारच्या गावचा. सायकलला दोन्ही बाजूंना कॅन लावून तलावाखालच्या रस्त्यानं दारव्ह्याला दूध घेऊन जायचा. त्या दिवशी धुकं इतकं होतं, की पाळीवरून तलावाचं पाणीही दिसत नव्हतं. त्याला एवढंच अंधुक दिसलं, की आमच्या मामी पाळीवर उभ्या आहेत, इकडे तिकडे बघताहेत, सुनेला सांगताहेत की पळ, कोणी पाहत नाही, आणि पुरुषाचे कपडे घातलेली सून रुमाल बांधून जंगलात पळते आहे. त्यानं सायकल थांबवली नाही. पण दारव्ह्याला पोचेपर्यंत ती बातमी काही त्याच्या पोटात राहिली नाही.

तेव्हा हे आणि मामाजी दारव्ह्यालाच, तालुक्याच्या केंद्रावर होते. समोरच्या खोलीतला कापूस गाडीत भरून ते निघाले, त्याला बरेच दिवस झाले होते. रांग हलत नव्हती. गाडीखालीच झोपायचं, तिथंच भाकरी खायची. पुढचं मला यांनी आणि नंतर आणखी लोकांनी सांगितलं, त्यावरून सांगते.

आमच्या रस्त्यावर सवारी जीप चालवणारा एक माणूस यांच्या ओळखीचा होता. तो रांगेतून शोधत शोधत यांच्यापाशी आला आणि खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"चहा घेतला का, भाऊ?"

"घेतला."

"आखीन एक घे."

यांनी आणखी एक घेतला. जीपवाला म्हणाला, "भाऊ, वाईट नको वाटून घेऊ. तुही बायको पळाली म्हनते."

हे चहा फुंकत म्हणाले, "व्हय. पळते ते."

जीपवाल्याला वाटलं, याला नीट ऐकू आलं नसेल. "अरे, पळाली. जंगलात."

"जंगलातच पळते. रोजच पळते. मायच घेऊन जाते तिले."

"माय घेऊन जाते?"

"मंग? एकटी कशी जाईन?"

"आन तू काही म्हनत नाही?"

"मी कायले म्हनू? म्याच तं जोडे घेऊन देल्ले तिले."

आजूबाजूच्या गाड्यांवरची माणसं एव्हाना उठून बसली होती. कोणी बिडी विझवली. जीपवाला म्हणे यांच्याकडे असा बघत होता, जसं एखाद्याच्या डोक्यावर परिणाम झाल्यावर बघतात. मग त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, "पन भाऊ, आज वापस नाही आली म्हनते. दूधवाल्यानं जातानी पाह्यली. वापस येतानी कोनीच नाही पाह्यली."

आता मात्र यांनी चहाचा कप खाली ठेवला. दूधवाला तिथं थांबलाच नव्हता तर त्याला मी परत येताना कशी दिसणार, हा विचार यांच्या मनात आला नाही. यांच्या डोळ्यांसमोर रानडुक्कर आलं. जीपवाल्याचा हात धरून हे म्हणाले, "चाल, मले सोडून दे," आणि गाडी, बैल, कापूस सगळं मामाजींवर टाकून निघाले.

मी त्या सकाळी नेहमीसारखी पळून आले होते, अंघोळ केली होती आणि चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. एवढ्यात हे दारात. जीप फाट्यावरच सोडून देते, तिथून गावापर्यंत हे पळत आले होते. पायात चप्पल एकच होती.

मी म्हटलं, "तुम्ही कायले पळून राह्यले?"

हे उंबऱ्यावर बसले. मी पाणी दिलं. पाणी प्यायले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग माझा पिठाचा हात तसाच हातात धरून बसले. मामी समोरच होत्या, पण यांना त्याचं भान नव्हतं. लग्नानंतर मामींच्या देखत यांनी माझा हात धरला, तो त्या एकाच वेळी. मामींनी तोंड फिरवलं आणि भाकरी करपायला लागली तशी स्वतःच उलथली.

सगळा उलगडा झाल्यावर मी हसायला लागले, पण मामी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या माझ्याबरोबर पाळीवर न येता खालच्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. दूधवाला आला. मामींनी सायकलचं हँडल धरलं.

"काय पाह्यलं तुनं?"

"म्या काही नाही पाह्यलं, मावशी. धुकं होतं."

"धुक्यात दिसत नाही तं बोलते कायले? माही सून सरकारी नोकरीसाठी पळून राह्यली. आता हे पन सांग दारव्ह्याले."

त्यानं तेही सांगितलं असणार. पण पहिली बातमी जितक्या लांब गेली होती, तितकी दुसरी गेली नाही.

मामाजी त्याच संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत आले. आम्हाला आश्चर्य वाटलं, कारण रांगेत त्यांच्यापुढे अजून कितीतरी गाड्या होत्या. मी विचारलं, "मामाजी, इतक्या लवकर?"

"लोकाह्यनं जाऊ देल्लं पुढे," ते म्हणाले आणि बैल सोडायला गेले.

खरं काय झालं ते यांना बाजारात कळलं. हे निघून गेल्यावर रांगेतली माणसं मामाजींच्या भोवती जमली. एकानं हळूच विचारलं, "पाटील, खरं हाये का? सून पळाली?" मामाजी म्हणाले, "पळते." त्यापुढे एक शब्द नाही. आता ज्या घरची सून पळते आणि त्या घरचा म्हातारा गाडीवर शांत बसून राहतो, त्या घराला रांगेत किती दिवस ठेवायचं? लोकांनी आपसात बोलून आपापल्या गाड्या बाजूला घेतल्या. कापूस मोजणाऱ्या साहेबाच्याही कानावर कोणीतरी घातलं. त्यानं म्हणे आमच्या कापसात हात घातला, मामाजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि फार खळखळ न करता माल घेतला.

यांनी मामाजींना विचारलं, "बाबा, तुम्ही लोकाह्यले खरं काहून नाही सांगतलं?"

"मी खरंच सांगतलं," मामाजी म्हणाले.

पुढे कितीतरी दिवस दारव्ह्याच्या बाजारात अनोळखी माणसं यांना थांबवायची. "आली का वापस?" हे म्हणायचे, आली. "बरं झालं. आता तिले काही बोलू नको." हे म्हणायचे, नाही बोलत. आधी आधी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण समजावलं की लोक जास्तच कीव करतात, असं त्यांच्या लक्षात आलं. शेवटी दोन शब्दांत सुटका करून घ्यायला शिकले.

भरती उन्हाळा लागता लागता यवतमाळला होती. आम्ही तिघं आदल्या दिवशीच जाऊन मामींच्या नात्यातल्या एका घरी उतरलो. सकाळी मैदानावर गेलो तर मुलींचा बाजार भरलेला. मला कोणाचीच भीती वाटली नाही. मी सगळ्यांच्या जोड्यांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, यांना मी सहज मागे टाकीन. तेवढ्यात रांगेतल्या पुढच्या मुलीनं मागे वळून मला विचारलं, "ताई, तुमची उंची भरते का?"

उंचीची अट जाहिरातीत होती. यांनी ती वाचलीही होती. पण यांच्या घरात सगळेच बुटके. मामी माझ्या खांद्याला लागतात, आणि आमच्या गल्लीत माझ्याएवढी बाई दुसरी नाही. त्यामुळे जाहिरात वाचून यांनी मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं होतं आणि ठरवून टाकलं होतं, की उंचीचा काही प्रश्न नाही. मोजायचं कोणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

मी रांगेतून बाहेर येऊन यांना सांगितलं. यांचा चेहरा पडला. मामींना कोणीतरी सांगितलेलं होतं, की माणूस झोपून उठला की थोडा लांब असतो. त्यांनी तिथंच मैदानाच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत पदर अंथरला आणि मला आडवी व्हायला सांगितलं. मी आडवी झाले. थोड्या वेळानं त्यांना तेवढं पुरेसं वाटेना. त्यांनी माझे पाय धरले आणि यांना सांगितलं, "तू हात धर. वढ."

"माय, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. वढ."

यांनी ओढलं. आजूबाजूला आणखी बायका आपापल्या मुली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आधी हसून घेतलं. मग पलीकडची एक बाई उठली, आपल्या मुलीला आडवी केली आणि तिचे पाय धरले. मी आकाशाकडे बघत होते. वरून निंबाची पिवळी पानं तोंडावर पडत होती. मला हसू येत होतं आणि हसले की मामी म्हणायच्या, "हासू नको, आखडशीन."

उंची मोजायला एक बाई होत्या. त्यांनी मला दांड्याला टेकवून उभं केलं, अंबाडा सोडायला लावला, पट्टी डोक्यावर टेकवली. पुन्हा टेकवली. मी मान ताणली तशी हनुवटी हातानं खाली केली आणि तिसऱ्यांदा टेकवली. मग म्हणाल्या, "बोटभर कमी आहे गं." आवाजात कठोरपणा नव्हता. म्हणूनच मला वाईट वाटलं.

मामी दोरीच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांना ऐकू आलं होतं. "मॅडम," त्या म्हणाल्या, "तिले पळून तं पाहा एकडाव."

"आजी, उंचीत बसली तरच पळायला सोडतात. नियम आहे."

"आमच्या जंगलातला गार्ड हिच्याहून बुटका हाये."

"जुना असेल."

"बुटका तं बुटकाच असते, जुना असो का नवा."

त्या बाई खाली बघून हसल्या, पण पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. मी अंबाडा बांधत बाहेर आले. मैदानात मुली पळायला लागल्या होत्या. आम्ही तिघं दोरीपाशी उभं राहून बराच वेळ बघत होतो. मामी प्रत्येकीला नावं ठेवत होत्या: ही हात फार हालवते, हिचा दम आत्ताच गेला, ही तं चालूनच राह्यली. मला रडू आलं नाही, कारण मामींचं म्हणणं एकूण एक खरं होतं.

परतीच्या एसटीत हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले तं तू उंचच दिसत होती." मी म्हटलं, मला माहीत आहे. मग दारव्हा येईपर्यंत मामी शेजारच्या सीटवरच्या बाईला सगळी हकिकत अथपासून सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली आणि उठायचं काही कारण नाही, हे लक्षात आलं. तशीच पडून राहिले. थोड्या वेळानं मामी आल्या आणि त्यांनी पांघरूण ओढलं.

"उठ."

"आता कायले, मामी?"

"मले झोप येत नाही. इतक्या दिवसाची सवय पडली." मग काठी उचलत म्हणाल्या, "आज मी पन येतो. पळनार नाही, चालतो. तू बी चाल."

पुढे मी गावातल्या अंगणवाडीत लागले. तिथं उंची कोणी विचारली नाही. पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. इतकी वर्षं त्या गावात राहूनही मामी गोल रस्त्यानं कधी गेल्याच नव्हत्या, कारण तिकडे काही कामच पडलं नव्हतं. त्या सावकाश चालत होत्या, काठीनं पानं बाजूला करत होत्या. मोहाची फुलं पडायला लागली होती, त्यातली चार-दोन उचलून त्यांनी पदरात टाकली. तलावाच्या पार पलीकडच्या टोकाला, झाडी जिथं जरा उघडी आहे, तिथं त्या थांबल्या. पाण्यापलीकडे पाळ दिसत होती आणि पाळीमागून गावातले धूर वर येत होते.

"हेच का आपलं गाव?" त्या म्हणाल्या. "लयच लहान हाये वं."

मग आपलं घर कोणतं यावर आमचा वाद झाला. त्या म्हणाल्या, ते चमकते ते टिन आपलं. मी म्हटलं, ते शाळेचं. आपलं तर कौलारू आहे. त्या म्हणाल्या, कौलावर मागच्या साली टिनाचा एक पत्रा टाकला नाही का, पाणी गळत होतं म्हणून? मी म्हटलं, एक पत्रा एवढा चमकत नाही. बराच वेळ दोघी कपाळावर हात धरून बघत राहिलो. शेवटी ऊन वर आलं, त्या चमकणाऱ्या टिनाकडे बघवेनासं झालं आणि मामी म्हणाल्या, "घरी जाऊन बापूसाले इचारू."

बापूस म्हणजे मामाजी. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही नाही." आणि मग ते चमकणारं टिन कोणाचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.